गादीवर बसवलेला बँड

१९७४ सालच्या मार्चमध्ये निरगुडकर सरांनी माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण लाल पेन्सिलीनं उभं कापलं, तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते आणि ते केळं खात होते.

"हे काय आहे?"

"चौथं प्रकरण, सर. 'चाल आणि लय'."

"ते मला वाचता येतं. हे काय आहे, असं विचारतोय. 'मोठ्या ढोलाचा वादक मास्तरांच्या हाताकडे पाहत नाही, त्यांच्या डाव्या टाचेकडे पाहतो.' टाचेकडे! कुंदा, तू संगीतात एम.ए. करते आहेस की कवायतीत?"

कोपऱ्यातल्या टेबलावर शशिकांत टेंबे हसला. तो माझ्याच वर्गात होता. अक्षर चांगलं म्हणून सरांची पत्रं तो लिहायचा, आणि सर काहीही बोलले की पहिला हसायचा. इतका वेळेवर हसणारा माणूस तबल्यात मात्र समेवर कधी आला नाही.

"पण सर, तसंच आहे ते. ते चालत वाजवतात, म्हणून लय पायातून—"

"लय बुद्धीत असते. पायात असतात त्या चिखल्या." सरांनी केळ्याची साल परिपत्रकांच्या ट्रेमध्ये ठेवली. "हे प्रकरण जाईल. बाकीची गाणी कोणत्या रागाच्या जवळची आहेत त्याचा तक्ता कर. तक्ता असला की अभ्यास दिसतो."

डॉ. त्र्यंबक निरगुडकर म्हणजे आमचे विभागप्रमुख. एका रागावर त्यांचं पुस्तक एकोणीस वर्षं 'होत आलं' होतं. ते उत्तम गातात असं सगळे म्हणत. मी दोन वर्षांत ऐकलं नाही. शिपाई रंगनाथ तिथे बारा वर्षं होता. त्यानंही ऐकलं नव्हतं.

विषय मला त्यांनीच दिला होता. लोकप्रिय संगीतावरही पदव्युत्तर अभ्यास व्हावा, असं कुठूनतरी वरून पत्र आलं होतं. सरांनी ते दोन बोटांत धरून आम्हां तिघांना वाचून दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं. "तुझा गळा बेताचा आहे. लग्नाच्या बँडवर तू कर." त्या दिवसापासून मी विभागात 'एम.ए. वरात' झाले. मी व्हरांड्यातून गेले की टेंबे विचारायचा, "कुंदाबाई, नवरदेव मारुतीला पोचला का?"

मला राग यायचा, पण खोटं कशाला सांगू? मलाही त्या विषयाची लाजच वाटत होती. घरी मी 'सुषिर वाद्यांचा अभ्यास' असं सांगितलं होतं.

भिकाजी अवघडे मास्तरांचा बँड एस.टी. स्टँडमागे, लाकडाच्या वखारीला लागून होता. एक लांबट पत्र्याची खोली. भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर लाल कोट, त्यांच्या खांद्यांवर सोनेरी झालरी. मास्तरांच्या बायको रखमाबाई उंबऱ्यात बसून त्या झालरी सांधत असायच्या. मी नोव्हेंबरात पहिल्यांदा गेले, तेव्हा मास्तर उठून उभे राहिले आणि रखमाबाई बसूनच राहिल्या.

"युनिवरसिटीतनं आल्यात," मास्तर म्हणाले.

"आल्या तर आल्या. सुपारी द्यायला आल्यात का?"

"न्हाई. अभ्यास कराया."

"कुणाचा?"

"आपला."

रखमाबाईंनी दात लावून दोरा तोडला. "बघा बया. आता आपल्या बी परीक्षा घ्याया लागले."

मी महिनाभर रोज गेले. वही उघडून बसायची, स्वरलिपी लिहायची, आणि मनातल्या मनात त्यांच्या चुका काढायची. इथे कोमल गंधार हवा, इथे श्वास चुकीच्या जागी तुटला. मी तसं बोलूनही दाखवायची. मास्तर ऐकून घ्यायचे. क्लॅरोनेट मांडीवर आडवा ठेवून म्हणायचे, "आसंल ताई. तुमी शिकलेल्या."

नवीन सिनेमा लागला की त्यांची एक पद्धत होती. पहिल्याच दिवशी तिघं जण पहिल्या खेळाला जाऊन बसायचे. मास्तरांनी गाण्याचा मुखडा लक्षात ठेवायचा, ढोलवाल्या लिंबाजीनं अंतरा, आणि सॅक्सोफोनवाल्या अब्बासनं मधलं वाजवणं. एकानं दुसऱ्याचं ऐकायचंसुद्धा नाही. घरी येताना वाटेत कुणी कुणाशी बोलायचं नाही. खोलीत आल्यावर तिघांनी आपापला तुकडा वाजवायचा, की गाणं तयार. दुसऱ्या दिवशी वरातीत. एकदा मी त्यांच्याबरोबर गेले. परत येताना तिघं तोंड मिटून, माना खाली घालून असे चालले होते, की पानवाल्यानं हळूच मला विचारलं, "कोण गेलं हो?"

आणि चालणं. ते मला फेब्रुवारीत कळलं. एका वरातीबरोबर मी फूटपाथवरून चालत होते. पुढे रस्ता खणलेला होता, नवरदेवाची घोडी बुजली, लोक पांगले. पण बँड मात्र खड्ड्यातून, ढिगावरून, गटार ओलांडून गेला आणि एक ठोका इकडचा तिकडे झाला नाही. मी दुसऱ्या दिवशी विचारलं.

"त्यात काय हाय?" मास्तर म्हणाले. "माझी डावी टाच पडली की लिंबाजीचा ढोल पडतुया. खड्डा आला की म्या पाऊल लांब टाकतू, ढोल बी थांबतुया. सगळी टाचंकडं बघत्यात. हाताकडं बघाया हात मोकळा हाय का माझा?"

"आणि बसून वाजवलं तर?"

ते हसले. "बसून आमी जेवतू."

त्या रात्री मी चौथं प्रकरण लिहिलं. एका बैठकीत, सोळा पानं. आयुष्यात मी लिहिलेलं तेवढंच खरं.

मास्तर तेव्हा शेहेचाळीस वर्षांचे होते. त्यांचे वरचे दोन पुढचे दात हलत होते. क्लॅरोनेट वाजवणाऱ्याचे पुढचे दात गेले की त्याचं वाजवणं संपलं. तोंडातली नळी धरायला काही राहत नाही. ते जिभेनं दात हलवून दाखवायचे, लहान मुलासारखे.

"दोन वर्सं निघतील," ते म्हणाले. "पुढं कोटास्नी इस्तरी करायची."

त्याच सुमारास नगरपालिकेच्या हायस्कुलात बँड शिकवायला माणूस हवा होता. पगारी जागा, निवृत्तीपर्यंत. मुख्याध्यापकांनी मास्तरांना वरातीत ऐकलं होतं, त्यांना मास्तरच हवे होते. पण नियमाप्रमाणे एखाद्या संगीत विभागाच्या प्रमुखाचं पत्र लागत होतं, की हा माणूस संगीत शिकवायला योग्य आहे. चार ओळींचं. शाळेनं तीस एप्रिलपर्यंत मुदत दिली होती.

"मी आणून देते," मी म्हणाले. "सर माझेच मार्गदर्शक आहेत."

रखमाबाईंनी पहिल्यांदाच माझ्यासमोर चहा ठेवला. "पोरी, बोललीस हां," त्या म्हणाल्या. "आमी कुणाला मागाया जात न्हाई. तू बोललीस म्हणून."

सरांना मी विचारलं, तेव्हा ते खुशीत होते. "देऊ की. पत्राला काय लागतं? पण ऐकल्याशिवाय कसं द्यायचं? असं कर, तोंडी परीक्षेच्या दिवशी त्या लोकांना इकडेच आण. हर्डीकर परीक्षक म्हणून येतायत. प्रात्यक्षिक होईल, तुझं काम उठून दिसेल, आणि तुझ्या मास्तरचंही ऐकून होईल." मग चष्मा पुसत म्हणाले, "जूनमध्ये अधिव्याख्यात्याची एक जागा निघते आहे. मी कुणाचं नाव सुचवणार हे अजून ठरवलेलं नाही."

टेंबे त्या वेळी हसला नाही. त्यालाही जागा हवी होती.

एकवीस एप्रिलला परीक्षा होती. ऐन लग्नसराई. मास्तरांनी त्या दिवसाची सुपारी सोडली.

सकाळी मी आणि रंगनाथनं सभागृहात गाद्या घातल्या. वर पांढऱ्या चादरी, मागे लोड. सरांचा हुकूम होता : विभागात जे काही वाजेल ते बैठकीवर वाजेल, आणि पायताणं बाहेर. चादरीच्या सुरकुत्या मी माझ्या हातानं काढल्या.

दहा वाजता ते आठ जण आले. लाल कोट, पांढऱ्या पँटी, पॉलिश केलेले काळे बूट. बूट व्हरांड्यात काढावे लागले. कोट तसेच राहिले. मोज्यांना भोकं होती, म्हणून दोघांनी मोजेही काढले. मास्तरांनी दारातून आत पाहिलं.

"ताई, हे कशापाई?"

"बसायला."

"बसून वाजवायचं?"

"सरांनी सांगितलंय."

"आन् तुमी त्यास्नी सांगितलं न्हाई?"

"सांगते," मी म्हणाले.

सर आणि प्राध्यापक हर्डीकर समोरच्या खुर्च्यांवर येऊन बसले. हर्डीकर बाहेरगावचे, बारीक, पिकलेल्या मिशांचे गृहस्थ. सगळा प्रबंध वाचून आले होते, हे परीक्षकाच्या मानानं आश्चर्यच. मी सरांच्या खुर्चीजवळ गेले. सर म्हणाले, "काय गं?"

"काही नाही, सर. सुरू करू?"

एवढंच. माझ्या तोंडातून तेवढंच निघालं.

ते आठ जण मांडी घालून बसले. ढोल लिंबाजीनं मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला. तो मावेना, म्हणून शेवटी चादरीवर आडवा टेकवला. मास्तरांनी मान हलवून इशारा केला आणि त्या वर्षी जे गाणं गावागावांत वाजत होतं ते सुरू केलं. पहिल्या चार मात्रा बऱ्या गेल्या. मग लिंबाजी टाच शोधायला लागला. टाच मास्तरांच्या मांडीखाली होती. ढोल मागे पडला, अब्बास पुढे निघून गेला, झांजवाला दोघांच्या मध्ये कुठेतरी वाजवत राहिला. मास्तरांनी गुडघा हलवून पाहिला, खांदा उडवून पाहिला. दातांवरची पकड सुटली आणि क्लॅरोनेट किंचाळला. गाणं संपलं नाही. एकेकानं ते सोडून दिलं.

टेंबे रुमालात हसत होता. सर हर्डीकरांकडे वळले. "हे आपलं लोकप्रिय संगीत."

हर्डीकर हसले नाहीत. ते पुढे वाकले. "मास्तर, तुम्ही एरवी असेच बसून वाजवता?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी उत्तर द्यावं म्हणून पाहिलं. माझा मान ठेवला त्यांनी.

हर्डीकरही माझ्याकडे वळले. "तुम्ही सांगा. पाच महिने यांच्यात होतात. यांची लय अशी का मोडली? तुमच्या प्रबंधात याबद्दल मला काही सापडलं नाही."

सापडणार कुठून? सोळा पानं सरांच्या कपाटात होती. मी खरं बोलले असते तर पुढचा प्रश्न उघड होता : मग हे प्रबंधात का नाही? आणि त्याचं उत्तर शेजारच्या खुर्चीवर बसलं होतं.

सर छताकडे बघत होते.

"सर," मी म्हणाले, "यांना तालाचं शास्त्रशुद्ध शिक्षण नाही. चाली कानानं उचलतात. त्यामुळे लय स्थिर राहत नाही. माझ्या तिसऱ्या तक्त्यात—"

"तक्ता पाहिला मी," हर्डीकर म्हणाले.

मास्तर क्लॅरोनेटची पत्ती काढून पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही. लिंबाजीला सगळं कळलं नसावं; तो मला विचारत होता, "परत वाजवू का, ताई? उभ्यानं वाजवू?"

"नको," सर म्हणाले. "झालं. यांना चहा द्या, रंगनाथ. बाहेर."

बाहेर व्हरांड्यात ते बूट घालत होते. मी सरांच्या मागे खोलीत गेले आणि पत्राचं विचारलं. अजूनही मला वाटत होतं की मिळेल. चार ओळींचं तर होतं.

"कसं देऊ?" सर खरोखरच चकित झाले होते. "परीक्षकांसमोर तूच म्हणालीस, शिक्षण नाही, लय स्थिर नाही. उद्या हर्डीकरांनी विचारलं तर? तुझ्याच शब्दाला मी बाध आणू?"

मी व्हरांड्यात आले. मास्तर एका पायात बूट घालून उभे होते.

"पत्र नाही मिळत," मी म्हणाले. "सर नाही म्हणतात."

"सर म्हनत्यात व्हय?" ते म्हणाले. त्यांनी दुसरा बूट घातला, नाडी नीट बांधली. मग मला विचारलं, "ताई, तुमचं झालं ना पास?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी आजपर्यंत त्याचं उत्तर शोधून ठेवलं असतं.

पायऱ्या उतरून ते आठ जण रांगेत उभे राहिले. कुणी सांगितलं नाही. बहुधा कोट अंगात होते आणि रस्ता समोर होता म्हणून. मास्तरांची डावी टाच खडीवर पडली आणि तेच गाणं सुरू झालं. ढोल टाचेवर, झांज ढोलावर. फाटकापाशी उतार होता, तिथे मास्तरांनी पाऊल आखडलं आणि सगळं गाणं त्या पावलाबरोबर आखडलं, आणि रस्त्यावर लागताच पुन्हा पसरलं. समोरच्या वसतिगृहातली मुलं गॅलरीत येऊन टाळ्या वाजवायला लागली.

हर्डीकर खिडकीत उभे होते. हातातली बशी तशीच.

"निरगुडकर, हे तर पक्कं आहे."

"रस्त्यावर काय, सगळंच बरं वाटतं," सर आतून म्हणाले.

हर्डीकरांनी मला खिडकीपाशी बोलावलं. हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला हे माहीत होतं?"

"नाही, सर."

मग त्यांनी टेबलापाशी बसून माझे गुण लिहिले. मला पहिला वर्ग मिळाला. मला वाटतं, त्यांनी तो ओवाळून टाकावा तसा टाकला.

निरगुडकर सर १९८३ साली गेले. पुस्तक तेव्हाही होत आलेलंच होतं. विभागासमोरच्या चौकाला आता त्यांचं नाव आहे आणि तिथे फलकाखाली रिक्षा उभ्या असतात.

नगरपालिकेच्या हायस्कुलातली जागा शशिकांत टेंबेला मिळाली. सरांचं पत्र त्यानं स्वतःच्याच सुंदर अक्षरात लिहिलं आणि सरांनी सही केली. त्याला क्लॅरोनेट कुठून फुंकतात हे माहीत नव्हतं. चौतीस वर्षं त्यानं मुलांकडून पेटीवर राष्ट्रगीत वाजवून घेतलं आणि 'आदर्श शिक्षक' म्हणून निवृत्त झाला. अजून आहे. दिवाळीला फोन करतो आणि अजून माझ्या बोलण्याच्या आधी हसतो.

हर्डीकरांशी पुन्हा भेट झाली नाही. एका परिषदेत लांबून दिसले, तेव्हा मी खांबाआड झाले.

मास्तरांचे दात दीड वर्षातच गेले. पुढे त्यांनी बँडमध्ये दिव्यांची माळ लावलेली गाडी ढकलली, मग कोटांना इस्तरी केली. १९८१ च्या पावसाळ्यात वारले. मला चार महिन्यांनी कळलं. मी वखारीमागे गेले, तेव्हा रखमाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. "आता कुणाचा अभ्यास?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लावलं नाही. लावलं असतं तर मला परतायला बरं पडलं असतं.

लिंबाजी आणि अब्बास यांचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मी त्याच जूनमध्ये अधिव्याख्याता झाले आणि पुढे प्रमुख. सर गेल्यावर त्यांचं कपाट माझ्याकडे आलं. तळाशी सोळा पानं होती, लाल रेघेसकट. १९८६ साली मी ती एका नियतकालिकात माझ्या नावानं छापली. त्या लेखात टाचेचा सगळा विचार आहे, अगदी मास्तरांच्या शब्दांत, फक्त शुद्ध भाषेत. मास्तर त्यात 'एक स्थानिक वादक' आहेत. त्या लेखावर माझी सगळी कीर्ती उभी आहे. आज त्या विभागात लोकप्रिय संगीताची स्वतंत्र पदव्युत्तर पदवी मिळते. मुलं कानांत यंत्रं घालून येतात, पहिल्या सत्रात तो लेख वाचतात आणि माझ्या मुलाखती घ्यायला येतात. मला 'या क्षेत्रातल्या पहिल्या' म्हणतात. मी त्यांना लाडू देते. त्यांच्यातल्या एकानंही अजून विचारलेलं नाही, की तो वादक कोण होता.

प्रमुख झाल्यावर अठरा वर्षं माझ्या सहीची पत्रं लोक मागायला येत. शाळांसाठी, आकाशवाणीसाठी, परदेशासाठी. ज्यानं मागितलं त्याला मी दिलं. बेसूर होते, ढोंगी होते, दोघं-तिघं तर बहिरेच असावेत. मला दयाळू म्हणत. पण कुणालाही मी कधी म्हटलं नाही, की बसा आणि वाजवून दाखवा.